पोत्यावरचा आकडा आणि आतला माल : ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यातील अमिनो आम्लांचा हिशेब

कापडावर लिहिणाऱ्या आमच्यासारख्याने कोंबडीच्या खाद्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु यंत्रमाग मंदावला की आपल्या बांधवांपैकी कोणी टेम्पो घेतो, कोणी चिकन सेंटर टाकतो आणि ज्याची गावाकडे थोडी जमीन आहे तो दोन-तीन हजार पक्ष्यांचे शेड उभारतो. या शेडवाल्या बांधवांसाठी, तसेच जे छोटी फीड मिल चालवतात किंवा मका-पेंडीचा व्यापार करतात त्यांच्यासाठी हा लेख आहे. कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्यांना पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीच पुरवते व त्यांना वाढीची मजुरी मिळते. त्यांनी हे केवळ माहिती म्हणून वाचावे. जो स्वतःच्या पैशाने खाद्य विकत घेतो किंवा बनवतो, त्याच्या मात्र थेट खिशाचा हा प्रश्न आहे. ब्रॉयलरच्या एकूण खर्चात दोन तृतीयांशाच्या आसपास खर्च एकट्या खाद्याचा असतो.

खाद्य घेताना आपले बांधव काय विचारतात? "प्रोटीन किती टक्के?" दुकानदार सांगतो, बावीस. दुसरा सांगतो, तेवीस, आणि भावही पोत्यामागे पन्नास रुपये कमी. लगेच सौदा होतो. आमचे म्हणणे असे की हा प्रश्नच अपुरा आहे. कापडाच्या बाजारात मुरलेला माणूस केवळ वजन पाहून ठाण घेत नाही. तो सुताचा काऊंट पाहतो, रीड-पीक पाहतो, कापड बोटांत चुरगाळून कांजी किती बसवली आहे ते पाहतो. कारण भरपूर कांजी चढवून वजन वाढवता येते आणि पहिल्या धुण्यात ते वजन पाण्यात जाते. खाद्यातल्या प्रोटीनच्या टक्केवारीचेही तसेच आहे.

ही टक्केवारी प्रयोगशाळेत कशी काढतात ते समजून घ्यावे. तेथे प्रोटीन मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. या पद्धतीला केल्डाल पद्धत म्हणतात व ती जगभर चालते. त्यात लबाडी नाही, पण लबाडीला वाव आहे. शेतात टाकायच्या युरियात ४६ टक्के नत्र असते. ६.२५ ने गुणले की एक किलो युरिया कागदावर जवळजवळ २ किलो ८७५ ग्रॅम 'प्रोटीन' होते. एक टन खाद्यात १० किलो युरिया मिसळला तर कागदावर पावणेतीन टक्क्यांहून अधिक प्रोटीन वाढते आणि कोंबडीच्या अंगी त्यातले काहीही लागत नाही. २००८ साली चीनमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत मेलामाइन मिसळले गेले, ते याच आकड्याला फसवण्यासाठी. चामड्याचा चुरा, न शिजवलेली पिसे यांतही नत्र भरपूर असते. कोंबडी ते पचवू शकत नाही. म्हणजे ही सारी कांजीच झाली.

मग खरा माल कोणता? खरा माल म्हणजे अमिनो आम्ले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. तेथे प्रोटीनला 'लहमियात' म्हणत, लहम म्हणजे गोश्त यावरून. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे, परंतु लहमियात ही एकच वस्तू नव्हे हे त्या शब्दावरून कळत नाही. सुमारे वीस प्रकारची अमिनो आम्ले वेगवेगळ्या क्रमाने ओवली की प्रोटीन तयार होते. ('आम्ल' म्हटल्याने कोणी तेजाब समजू नये. ही पांढरी किंवा फिकट रंगाची पावडर असते व हात लावल्याने भाजत नाही.) या वीसपैकी निम्मी कोंबडी स्वतःच्या शरीरात तयार करते. उरलेली तिला खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यांत मेथिओनीन, लायसिन आणि थ्रिओनीन ही तीन नावे आपल्या धंद्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

मालेगावच्या रंगीत साडीचे उदाहरण घेऊ. अंगाचे सूत शंभर साड्यांचे आहे, पदराचेही शंभराचे आहे, पण काठाचे सूत साठच साड्यांना पुरेल एवढे आहे. मागावरून साड्या साठच उतरतील. उरलेले अंगाचे सूत पडून राहील. कोंबडीच्या शरीरात तर ते पडूनही राहत नाही, कारण अमिनो आम्ले साठवून ठेवण्याची सोय तेथे नाही. जे उरते ते शरीर मोडून जाळते, त्यातले नत्र युरिक ॲसिडच्या रूपाने विष्ठेत टाकते, आणि या कामासाठी शक्ती खर्च होते ती वेगळीच. विष्ठेतून शेडमध्ये अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात, तुसाचे लिटर ओले होते, पक्ष्यांचे पाय खराब होतात. म्हणजे महाग पेंड विकत घेऊन आपण तिचा धूर करतो.

आपल्याकडच्या खाद्यात हे काठाचे सूत म्हणजे मेथिओनीन होय. मका आणि सोयाबीन पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात, यांवर आपले सर्व खाद्य उभे आहे. मक्यात लायसिन अगदी थोडे असते. ते सोयाबीन पेंड भरून काढते. परंतु मेथिओनीन दोघांतही कमी. कोंबडीला पिसे फुटण्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले फार लागतात आणि तीही मेथिओनीनमधूनच पुरी होतात. म्हणून ते कमी पडले की प्रथम पिसे उशिरा येतात, पक्षी एकमेकांची पिसे टोचू लागतात, एकाच बॅचमध्ये कोणी मोठा कोणी लहान राहतो, छातीचे मांस भरत नाही आणि पोटात चरबी साठते. शेडवाले याला पिल्लांचा दोष समजतात. कधी तो असतोही. परंतु हॅचरीशी भांडण्याआधी खाद्याचा हिशेब मांडून पाहावा.

तो हिशेब असा. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत पहिल्या तीन आठवड्यांच्या ब्रॉयलर पिल्लांना खाद्यात ०.५० टक्के मेथिओनीन, १.१० टक्के लायसिन आणि ०.८० टक्के थ्रिओनीन हवे असे दिले आहे. म्हणजे १०० किलो खाद्यात ५०० ग्रॅम मेथिओनीन. आता १०० किलोत ५६ किलो मका, ३८ किलो सोयाबीन पेंड आणि ६ किलो तेल, खनिजे, मीठ, जीवनसत्त्वे धरा. मक्यात साधारण ०.१८ टक्के मेथिओनीन असते. ५६ किलोत झाले १०१ ग्रॅम. पेंडीत साधारण ०.६२ टक्के, ३८ किलोत झाले २३५ ग्रॅम. एकूण ३३६ ग्रॅम. हवे ५००. तूट १६४ ग्रॅमची.

ही तूट पेंड वाढवून भरायची म्हटले तर मका काढून जवळजवळ ३७ किलो पेंड आणखी घालावी लागेल. तेव्हा खाद्यातले प्रोटीन ३५ टक्क्यांवर जाईल, शक्ती कमी पडेल आणि पक्षी ओल्या लिटरमध्ये बसून राहतील. असे खाद्य कोणी करत नाही, करूही नये. तेच काम १६५ ग्रॅम डीएल-मेथिओनीन पावडर करते, कारण ती ९९ टक्के शुद्ध असते. टनामागे फक्त १ किलो ६५० ग्रॅम!

आता पैशांत पाहू. भाव रोज बदलतात, म्हणून येथे धरलेले भाव केवळ उदाहरणाचे समजावेत. आपल्या बाजारातले घालून पुन्हा मांडावे. समजा मेथिओनीन ३०० रुपये किलो. टनामागे खर्च ५०० रुपयांच्या आत, किलो खाद्यामागे पन्नास पैसे. दोन किलोचा पक्षी करायला ३ किलो ३०० ग्रॅम खाद्य लागते असे धरले, तर पक्ष्यामागे हा खर्च दीड-पावणेदोन रुपये. हे पैसे वाचवले आणि त्यामुळे एफसीआर १.६५ वरून १.८० वर गेला, असे समजा. दोन किलोच्या पक्ष्यामागे ३०० ग्रॅम खाद्य जास्त गेले. खाद्य ३८ रुपये किलो धरले तर ११ रुपये ४० पैसे. दोन हजार पक्ष्यांच्या शेडवर वाचवले सुमारे ३,३०० रुपये आणि गमावले २२,८००. स्वस्त पोत्याची किंमत ती हीच.

दुसरी गोष्ट लायसिन आणि थ्रिओनीनची. वरच्या मिश्रणात लायसिन कमी पडत नाही, ते १.१९ टक्क्यांपर्यंत जाते. मग ही पावडर कशासाठी? पेंड वाचवण्यासाठी. ३८ ऐवजी ३३ किलो पेंड घ्या आणि मका ६१ किलो करा. प्रोटीन २२ वरून २० टक्क्यांच्या आसपास उतरेल. लायसिनची तूट ३४ ग्रॅमची, ती ४४ ग्रॅम लायसिन पावडरने भरते. थ्रिओनीन ३० ग्रॅम घालावे लागेल. मेथिओनीन आधीपेक्षा २२ ग्रॅम जास्त. तिन्ही मिळून शंभर ग्रॅमच्या आत. पेंड ४५ रुपये, मका २३ रुपये धरला तर पाच किलोच्या अदलाबदलीत ११० रुपये वाचले. पावडरींना सुमारे २० रुपये गेले. टनामागे ९०० रुपये शिल्लक. पक्ष्यांना पोटात जाळावे लागणारे नत्र कमी झाले, लिटर कोरडे राहिले, हा फायदा वरचा.

२०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात काय झाले ते पेंडीच्या व्यापाऱ्यांना आठवत असेल. सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलला जाऊन भिडले, पेंड शंभर रुपये किलोच्या घरात गेली आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली. अशा वेळी पाच किलो पेंडीचा फरक म्हणजे बॅच तरणे किंवा बुडणे. लातूरचा सौदा आपल्या हातात नाही, मिश्रण आपल्या हातात आहे.

परंतु हात आखडता घेणेही आले. "पाच किलो वाचली तर दहा वाचवू" असे करू नये. लायसिन-थ्रिओनीन भरले की पुढे व्हॅलिन, आयसोल्युसिन, आर्जिनीन यांची पाळी येते आणि काठाऐवजी पदराचे सूत कमी पडू लागते. मेथिओनीन तर जास्त झाले तर अपाय करते, पक्षी खाणे कमी करतो. शिवाय १९९४ चे तक्ते आता पायाभूत म्हणूनच धरावेत. आजच्या जातींची वाढ जलद आहे आणि त्या जातींच्या कंपन्या आपल्या तक्त्यांत यापेक्षा बरेच जास्त लायसिन मागतात, तेही 'पचणारे लायसिन' या हिशेबाने. म्हणून कागद-पेन्सिलीवर आपण समज आणावी आणि शेवटचे प्रमाण पशुआहाराच्या जाणकाराकडून ठरवून घ्यावे. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे जाऊन विचारण्यात संकोच कसला?

आता खरेदीबद्दल. लायसिन दोन रूपांत मिळते. लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये सुमारे ७८ टक्के लायसिन असते. लायसिन सल्फेटमध्ये साधारण ५० ते ५५ टक्के. दोन्ही माल चांगले आहेत. पण एकाचा भाव १६० आणि दुसऱ्याचा १२५ सांगितला की आपला माणूस १२५ चा उचलतो. भागाकार करून पाहा: १६० ला ०.७८ ने भागले तर शुद्ध लायसिन २०५ रुपये किलो पडते. १२५ ला ०.५५ ने भागले तर २२७. स्वस्त दिसणारा माल महाग निघाला. मीटरचा भाव विचारून पन्हा न विचारणारे गिऱ्हाईक आपल्या दुकानात येते, तेव्हा आपण मनात काय म्हणतो?

ही मंडळी बहुतांशी परदेशातून येतात, पोती २५ किलोची असतात. आपल्याला दोन-तीन किलोच लागतात, म्हणून सुटे घेतले जाते आणि भेसळ तेथेच शिरते. मेथिओनीनला उग्र गंधकी वास असतो, शिजून खराब झालेल्या कोबीसारखा; पण वास थोड्या मालानेही येतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. चमचाभर पावडर लोखंडी पळीत पूर्ण जाळली तर चांगल्या मालाची राख जवळजवळ उरत नाही. खडूची भुकटी किंवा मीठ असेल तर उरते. युरिया वा पीठ मिसळले असेल तर मात्र तेही जळून जाईल. ते प्रयोगशाळेतच कळेल. सर्वांत बरे म्हणजे चार शेडवाल्यांनी मिळून सीलबंद पोते घ्यावे, बॅच क्रमांक व तारीख पाहावी आणि आपसांत वाटून घ्यावे. तयार खाद्य घेणाऱ्यांनी पोत्यावर लायसिन व मेथिओनीनचे आकडे मागावेत. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या कोंबडी-खाद्याच्या मानकात प्रोटीनबरोबर या दोन्हींचे किमान प्रमाणही सांगितलेले आहे. जो दुकानदार "ते सगळे आत आहे" एवढेच सांगतो, त्याच्याकडून माल न घेतलेला बरा.

पेंडही पारखून घ्यावी. कमी भाजलेल्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक शिल्लक राहतो. जास्त भाजून लालसर-काळपट झालेल्या पेंडीत लायसिन करपते, प्रयोगशाळेत दिसते पण कोंबडीला मिळत नाही.

मिसळण्याबद्दल रंगारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. टनात दीड-दोन किलो पावडर एकदम ओतली तर काही पोत्यांत ढीग आणि काहींत ठणठणाट. प्रथम ती पाच किलो दळलेल्या मक्यात, मग पन्नास किलोत, आणि नंतर मिक्सरमध्ये टाकावी. फावड्याने जमिनीवर मिसळून हे साधत नाही.

या पावडरींच्या भावाची एक हकीगत व्यापाऱ्यांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. लायसिन बनवणाऱ्या कंपन्या जगात थोड्याच. १९९१ साली अमेरिकेतील आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीने मोठा कारखाना सुरू केला आणि भाव जवळजवळ निम्म्यावर आले. मग १९९२ पासून या कंपनीने जपान-कोरियाच्या प्रतिस्पर्ध्यांबरोबर हॉटेलांत बैठका भरवून कोणी किती माल विकायचा आणि काय भावाने विकायचा, हे ठरवायला सुरुवात केली. वरून व्यापारी संघटनेच्या सभा असल्याचा देखावा होता. कंपनीचाच एक वरिष्ठ अधिकारी, मार्क व्हिटॅकर, सरकारी तपास यंत्रणेला या बैठका ध्वनिमुद्रित करून देत होता. जून १९९५ मध्ये धाडी पडल्या आणि १९९६ साली कंपनीने गुन्हा कबूल करून लायसिन व सायट्रिक ॲसिड या दोन मालांबद्दल मिळून १० कोटी डॉलर दंड भरला. व्हिटॅकर स्वतःही कंपनीचे लाखो डॉलर हडपल्याबद्दल तुरुंगात गेला, हा त्यातला विचित्र भाग. मेथिओनीनमध्येही असाच कट होता. २००२ साली युरोपीय आयोगाने जर्मनीच्या देगुसा कंपनीला ११ कोटींहून अधिक युरो दंड केला, जो पुढे २००६ मध्ये न्यायालयाने काहीसा कमी केला. या कटांचा पैसा शेवटी कोंबडी वाढवणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्याच खिशातून गेला. म्हणून भाव अचानक चढला की "डॉलर वाढला" एवढ्यावर समाधान मानू नये, दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

चिकन सेंटरवाल्यांना गिऱ्हाइके विचारतात, ही पावडर म्हणजे हार्मोन का? नाही. हार्मोनही नाही आणि अँटिबायोटिकही नाही. मक्यात, डाळीत, दुधात, गोश्तमध्ये जी अमिनो आम्ले असतात तीच ही. दुसरा प्रश्न हलालचा असतो. मेथिओनीन रासायनिक कारखान्यात तयार होते. लायसिन व थ्रिओनीन साखर किंवा स्टार्चवर जिवाणू वाढवून काढतात. आंबवणे हा शब्द आला तरी त्यातून दारू काढत नाहीत. चौकशी करावी ती खाद्यात टाकल्या जाणाऱ्या हाडांच्या व मांसाच्या भुकटीची आणि रक्ताच्या भुकटीची, जी स्वस्तात प्रोटीनचा आकडा वाढवण्यासाठी वापरतात. शरीअतीचा निर्णय उलेमा देतील. आम्ही फक्त माल कशातून बनतो ते सांगितले. मका, सोयाबीन पेंड आणि या पावडरी एवढ्यावर खाद्य पुरे होते, तेव्हा त्या भुकटीची गरज उरत नाही.

ज्यांना खात्री करून घ्यायची आहे त्यांनी पुढच्या बॅचला जाळी लावून शंभर-शंभर पिल्लांचे दोन कप्पे करावेत. एकाला नेहमीचे खाद्य, दुसऱ्याला हिशेब करून बनवलेले. बाकी पाणी, ऊब, लसी सारख्याच. खाद्य तोलून द्यावे, उरलेलेही तोलावे. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी प्रत्येक कप्प्यातली वीस पिल्ले हाताला येतील तशी उचलून काट्यावर ठेवावीत, मोठी निवडून नव्हे. मेलेल्या पिल्लांचे वजनही वहीत लिहावे. आकडे जमा झाले की खाद्याच्या किलोंना वजनाच्या किलोंनी भागावे आणि तो कागद घेऊन पेंडीच्या दुकानात जावे.